बगळा कंपनीचा खेळ

दीपमालाने आबांच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर गेमचा रिमोट ठेवला आणि त्यांचा उजवा अंगठा उचलून लाल बटनावर टेकवला.

"दाबा."

अंगठा हलला, पण उशिरा. टीव्हीवरचा कोळ्याचा पोर हातातल्या कंदिलासकट खड्ड्यात पडला. घसरत उतरणारा एक सूर वाजला. तीस वर्षांनीही तो तिला पाठ होता.

"मेला," ती म्हणाली. "आज सव्वीस झाले. परत."

आबा म्हणजे तिचे वडील, रिटायर्ड सुभेदार लालासाहेब. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. भाऊ शिवतेज फौजेत, आसामला. म्हणून दीपमाला सासरहून, कडेगावहून, उंब्रजला येऊन राहिली होती. कराडच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. आबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. त्यानंतरच्या सोमवारी ती सांगलीला गेली आणि हा डबा घेऊन आली. तळहाताएवढ्या डब्यात एकाच जपानी कंपनीचे बावीस जुने खेळ होते. कंपनीचं नाव तेव्हाही वाचता यायचं नाही, आताही येत नव्हतं. खूण तेवढी तीच होती, एका पायावर उभा निळा बगळा. लहानपणी ती तिला बगळा कंपनी म्हणायची.

पहिल्या दिवशी आबांना झोप लागल्यावर तिने एकटीने सगळे खेळ उघडून पाहिले होते. ढगांवरून धावणारी लाकडी गाडी. पतंगांची लढाई. आणि कंदीलवाला पोर, जो अंधाऱ्या बेटावर सकाळ शोधत फिरायचा. दर पायरीवर त्याची पावलं वेगळी वाजायची, दगडावर टकटक, वाळूत खसखस. कुणीतरी परक्या देशात बसून एवढ्या बारीक गोष्टीचा विचार केला होता. ती बराच वेळ त्याला नुसतीच वाळूत चालवत राहिली होती.

स्कॉलरशिपमध्ये आली म्हणून मुंबईच्या मामाने तिला तो कंदीलवाल्या पोराचा गेम डब्यासकट दिला होता. नववीत सहामाहीला ती गणितात नापास झाली. आबा सुट्टीवर आले, पेपर पाहिला आणि म्हणाले, "एवढं साधं जमंना तुला?" दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तेव्हा टीव्हीखालची जागा रिकामी होती. "कराडच्या संगमात सोडला," आबा म्हणाले. दहावीनंतर तिला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायचं होतं. "त्या डब्यापायी डोकं फिरलंय पोरीचं," म्हणत त्यांनी फॉर्म फाडला. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. कडेगावहून माहेरी येताना कृष्णेचा पूल लागला की तिची नजर आपोआप पाण्याकडे जायची.

"एवढं साधं जमंना तुमाला?" ती आता म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दारात पालेभाजी निवडत बसलेल्या आईने मान वर केली.

"दीपे, किती छळतीस गं त्येंला."

"व्यायाम हाय, आई. डॉक्टरनी सांगितलाय."

ती रोज दुपारी त्यांना दीड तास बसवायची. पोर किती वेळा मेला ते मोठ्याने मोजायची. बटन लवकर दाबलं तरी बोलायची, उशिरा दाबलं तरी बोलायची. संध्याकाळी तिला कधी हलकं वाटायचं, कधी तोंडात कडवट चव यायची. पण दुसऱ्या दिवशी तीन वाजले की ती उशी काढायचीच.

तिसऱ्या आठवड्यात आबांनी खड्डा ओलांडला. कराडला मॅडमनी त्यांचा अंगठा दाबून पाहिला.

"छान ताकद येतीय. घरी काय करून घेता?"

"गेम खेळतो," दीपमाला म्हणाली. मॅडम हसल्या. ती हसली नाही.

गुरुवारी पोर तिसऱ्या टप्प्यावर, धबधब्यापाशी पोचला. तिथे डावीकडच्या दगडांवरून उड्या मारत वर जायचं असतं. आबा दगडांकडे वळलेच नाहीत. त्यांनी पोराला पाण्याखाली उभा केला, डाव्या अंगठ्याने खालचं बटन दाबून धरलं आणि थांबले. पाणी मधोमध दुभंगलं. आत पायऱ्या होत्या.

दीपमालाने तो धबधबा शेकडो वेळा ओलांडला होता. या पायऱ्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

"ह्ये कुणी सांगितलं तुमाला?"

आबांची जीभ अजून जड होती. शब्द एकेक करून आला.

"लेहला... सा म्हैनं बर्फ. पोरं... लय खेळायची."

"कुठला गेम?"

आबा पोराला पायऱ्यांवरून खाली नेत होते.

"आबा, संगमात सोडला म्हणाला व्हता."

उत्तर आईने दिलं, भाजीवरून नजर न काढता.

"ट्रंकंत घालून लेहला न्हेला त्येंनी. तू आठ दिस जेवली न्हाईस. मग मला सांगायचा धीरच झाला न्हाई."

दीपमाला खाटेच्या कडेवर बसून राहिली. टीव्हीवर तिने कधीच न पाहिलेला मुलूख सरकत होता. बर्फातलं गाव, दोरांवर टांगलेल्या घंटा, गोठलेली होडी. आबांचा अंगठा अडखळायचा, पोर मरायचा, पण पुढचं वळण त्यांना आधीच ठाऊक असायचं. त्यांच्या ओठांचा धड असलेला कोपरा वर गेला होता. आबांना असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या गेमवर ते असे हसले होते, पलटणीतल्या परक्या पोरांच्या घोळक्यात बसून.

अर्ध्या तासाने काळ्या पाण्यातून एक प्रचंड मासा वर आला.

"ह्यो शेवटचा," आबा म्हणाले. शब्द आता भराभर येत होते. "पाचदा मारायचा. ह्यो पडला... की सकाळ हुती. बघ तू. लय... भारी सकाळ."

एक. दोन. तीन. माशाचा रंग बदलला. ती सकाळ तिला नववीपासून बघायची होती.

चार.

ती उठली आणि भिंतीवरचं बटन बंद केलं.

टीव्ही काळा झाला. आबांच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. रिमोट उशीवरून खाली पडला आणि त्यांचा उजवा हात उगारल्यासारखा वर आला, बोटं जुळलेली, पंजा सरळ. तीन महिने मांडीवरून आपणहून न उठलेला हात तिच्या गालाच्या उंचीवर येऊन थांबला.

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

दीपमाला मागे सरली नाही. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग आबांकडे. तेही हाताकडेच बघत होते. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"अजून वर जातोय का बघा," ती म्हणाली. "सावकाश."