मी वाजतच राहिलो

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. सोलापुरातल्या विणकरांच्या गल्लीत, मल्लप्पाच्या घरी माझा सगळा जन्म गेला. माझ्यावर विणलेली लुगडी नेसून किती मुली सासरी गेल्या असतील, त्याची गणती नाही. पण ती फुशारकी आज मला मारायची नाही. मला माझी लाज सांगायची आहे.

एका म्हाताऱ्या सुतारानं मला सागवानातून घडवलं. मल्लप्पाच्या बापानं मला भिंतीला लागून बसवलं आणि माझा एक खांब त्या भिंतीतच रोवला. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं घर होतं. पलीकडे कुणी खुंटी ठोकली, तरी मला हादरा कळायचा.

मल्लप्पा माझ्यापुढच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि दोरी ओढायचा. आडवं सूत वाहणारा धोटा इकडून तिकडे पळायचा आणि मी खटाक्‌ खट, खटाक्‌ खट वाजायचो. त्याची बायको दानम्मा बाजूला बसून चरख्यावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. ती संपली की माग मुका. गिरणीचा भोंगा झाला की गल्लीतले चाळीस माग सुरू व्हायचे, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. लोक म्हणायचे, "मल्लप्पा, तुजा माग लई दणक्यात वाजतोय की!" मी फुगून जायचो. काय मेला तो गर्व!

पलीकडच्या घरात रुद्रप्पा राहायचा. तोही विणकरच. बायको ईरम्मा आणि आठ वर्षांची लेक नागव्वा. चारचौघांत तो गोड बोलायचा, मठात पुढच्या ओळीत बसायचा. घरात मात्र त्याचा हात सुटायचा. दोरा तुटला, मार. भाकरी गार झाली, मार. भरदुपारी त्याचा माग थांबला की आत काय चाललंय ते अख्ख्या गल्लीला कळायचं. मग बाकीचे विणकर काय करायचे, सांगू? आपापले माग जोरात हाणायचे! रडणं कानावर आलं तर उठावं लागेल. आलंच नाही तर प्रश्न मिटला. आमच्या गल्लीची ती रीतच पडून गेली होती. आणि या कामात सगळ्यांच्या पुढे कोण? मी.

इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वैशाखातली दुपार होती. पलीकडचा माग थांबला. आधी ईरम्माचा आवाज आला, मग नागव्वाचा. मल्लप्पानं दोरी भराभरा ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात माझ्या खांबाला हादरे बसू लागले. पलीकडून कुणीतरी भिंत बडवत होतं. हात लहान होता.

"थांबवा की वो माग," दानम्मा म्हणाली. "पोरगी भित्त बडवतीया."

"दुसऱ्याच्या घरात आपुन कशाला नाक खुपसायचं? त्येंचं त्ये बघून घेतील," मल्लप्पा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

मित्रांनो, मी पडलो लाकडाचा. मला आपणहून थांबता येत नाही, हे खरं. पण एरवी दिवसातून दहादा माझा धोटा अडकायचा, दहादा दोरा तुटायचा. त्या दुपारी मेलं काहीच अडकलं नाही, काहीच तुटलं नाही. मी वाजतच राहिलो. थोड्या वेळानं भिंतीवरचा हात थांबला.

संध्याकाळी सगळं कळलं. नागव्वा आईच्या आड आली, म्हणून बापानं तिचा उजवा हात पिरगाळला होता. कोपराशी हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, पण ते वाकडं जुळलं आणि बोटांतला जोर गेला. विणकराच्या घरची पोर, आणि तिला त्या हातानं साधी कांडी धरता येईना.

दानम्माला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. सोमवारी मल्लप्पा मठात गेला, तेव्हा तिनं गल्लीतल्या बायकांना घरी बोलावलं. सगळ्या माझ्याभोवतीच बसल्या. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"आगं, बाप्यांच्या फुडं आपलं काय चालतंय?" म्हातारी सारजाबाई म्हणाली.

"कांड्या कोन भरतंय?" दानम्मानं विचारलं. "आपुनच की! हितनं फुडं रडणं ऐकू आलं की माग बंद. ज्यो बंद करनार न्हाय, त्येला कांडी न्हाय. आन्‌ मग समद्यांनी मिळून त्या दारात जायाचं. एकटीला त्यो हुसकून लावंल. चाळीस जणींना कसा हुसकतोय ते बगू."

हे कळल्यावर पुरुष हसले. "आता बायका माग चालवनार व्हय!" म्हणाले. पण कांडीवाचून धोटा रिकामा, हे त्यांनाही ठाऊक होतं.

श्रावणात पुन्हा तसंच झालं. रुद्रप्पाचा माग थांबला आणि नागव्वा किंचाळली. वरच्या अंगाचा एक माग बंद पडला. मग समोरचा. मग एकेक करत सगळी गल्ली गप्प झाली. दिवसाउजेडी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत एकच माग वाजत होता. माझा! कांडीत अजून सूत होतं आणि मल्लप्पा मान खाली घालून दोरी ओढत होता.

दानम्मा उठली आणि तिनं विणीचं सूत ठोकून बसवणाऱ्या माझ्या फणीच्या चौकटीत हात घातला. चौकट तिच्या बोटांवर आदळली. रक्त आलं. तेव्हा कुठं मी थांबलो, सगळ्या गल्लीत शेवटी, आणि तेही एका बाईचा हात चेचून.

आता रुद्रप्पाची एकेक शिवी गल्लीभर ऐकू जाऊ लागली. ते त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो मधेच गप्प झाला. दानम्मानं बोटांना पदर गुंडाळला आणि बाहेर पडली. दाराशी बायका जमल्याच होत्या.

"ही माज्या घरची गोष्ट हाय!" रुद्रप्पा ओरडला.

"मग घरातच ठेवायची व्हतीस की," सारजाबाई म्हणाली. "हितं गल्लीभर ऐकू येतीया."

"ईरम्मा, पोरीला घिऊन भाईर ये," दानम्मानं हाक मारली.

त्या दोघी आमच्या घरी आल्या. पुढे गल्लीनं रुद्रप्पाला ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, पसरायला हात दिला नाही. लांबलचक ताणा एकट्याला पसरता येत नाही, त्याला दहा माणसं लागतात. तीन महिन्यांनी तो नाक घासत आला. तरी ईरम्मा परत गेली नाही. आमच्या ओसरीवर तिनं चरखा मांडला. गल्लीतला मार एका दिवसात संपला असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर कुणाचं रडणं आमच्या आवाजात बुडालं नाही.

नागव्वा बारा वर्षांची झाली. डाव्या हातानं कांड्या भरायला शिकली. एक दिवस तिनं मल्लप्पाला धोट्यासाठी कांडी दिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, त्या दिशी मी भित्त बडवत हुते. तुमाला ऐकू आलं न्हवतं का?"

मल्लप्पाच्या हातातली दोरी सुटली. मला वाटलं, तो माझ्यावर ढकलेल. मागाच्या आवाजात काय ऐकू येतंय, म्हणेल. पण तो खड्ड्यातून वर आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आलं हुतं, पोरी," तो म्हणाला. "समदं ऐकू आलं हुतं."

नागव्वा उठून ओसरीवर आईकडे गेली. मल्लप्पानं त्या दिवशी पुन्हा मला हात लावला नाही.

मित्रांनो, मला माफ करा असं मी तुम्हाला म्हणत नाही. ते म्हणायचं तर नागव्वाला म्हणायला हवं, आणि मला तोंड नाही. तुम्हाला एवढंच सांगतो. शेजारी कुणी रडताना ऐकू आलं, तर हातातलं काम तिथेच टाका, चार माणसं गोळा करा आणि जाऊन दार वाजवा. आतल्या पोरीचा हात धड आहे तोवर जा.