न धुतलेला स्वेटर

तांबडीने चौथ्या दिवशीही लाथ झाडली. बादली गडगडत भिंतीला आपटली आणि गोठ्याच्या दारात उभ्या थोरल्या जावेने कपाळावर हात मारला. "गाय आहे की सासू आहे ही!"

आईने बादली उचलून आणली. गायीची कास दगडासारखी टणक झाली होती. पाय बांधून कसंबसं वाटीभर दूध निघायचं, तेवढंच.

गाय तिच्या लेकीची, भिंगरीची. पोरीचं बूड घटकाभर टेकायचं नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. टेकायचं ते फक्त धार काढताना. तांबडी आईविना वासरू होती तेव्हा पोरीनेच तिला बाटलीने पाजून वाढवलं. मोठी झाल्यावर गायीने दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू दिला नाही. धार काढता काढता भिंगरी शाळेतल्या साऱ्या चहाड्या गायीच्या कानात ओतायची: कोण नापास झालं, कोणाची वेणी कोणी बाकाला बांधली. आई चुलीपाशी हसायची, म्हणायची, बये, गायीलाही बोलू दे की थोडं.

त्या सकाळी शाळेला उशीर झाला होता. ओळखीची गाडी येताना दिसली तशी आईनेच हात करून थांबवली. भिंगरी चालत जाते म्हणत होती. आईनेच तिला आत बसवलं, दप्तर मांडीवर दिलं, दार नीट लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं. पुलाच्या वळणावर गाडी उलटली. चालवणारा खरचटून उठला. भिंगरी उठली नाही.

बाई, तुझा काय दोष, असं जो तो सांगून गेला. आई ऐकून घ्यायची आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसायची.

नवऱ्याने ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने कास दाबून पाहिली, रोज धार कोण काढायचं ते विचारलं. नवऱ्याने लेकीचं नाव घेतलं. डॉक्टर थोडा वेळ गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"ताई, तिचा एखादा कपडा अंगात घाला. धुतलेला नको. जनावर वासावर चालतं. आज मोकळी झाली नाही, तर कास जाईल."

जावेचा चेहरा उतरला. घर माणसांनी भरलेलं असताना तिने मदत म्हणून पोरीचं सगळं धुणं काढलं होतं, उशीच्या अभ्र्यासकट. "माझे हात का नाही मोडले," ती पुटपुटली. "एक चिंधी ठेवली नाही मी."

पण एक चिंधी होती. भिंगरी धार काढताना घालायची तो निळा स्वेटर, कोपरावर फाटलेला. आईने तो गोठ्याच्या खुंटीवरून काढून धान्याच्या कोठीत दडवला होता. रोज दुपारी सगळ्यांची नजर चुकवून झाकण उघडायचं, तोंड आत घालायचं, एक श्वास घ्यायचा, झाकण लावायचं. दुसरा श्वास नाही. पुरवून पुरवून वापरायचा होता तिला तो वास.

तिन्हीसांजेला तिने कोठी उघडली. स्वेटर दंडात अडकला, बटणं लागेनात. तांबडीने फुस्स केलं, बाही हुंगली, मग चाटली. कास सैल पडली. पहिली धार बादलीच्या तळाशी वाजली आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "आज बाकावर तिच्या जागी कोण बसलं असेल गं?"

आठव्या दिवशी स्वेटरला शेणाचा, दुधाचा आणि आईच्याच घामाचा वास येत होता. भिंगरीचा कुठे नव्हता. गळ्यापाशी नाही, काखेत नाही. नवव्या दिवशी आई स्वेटर न घालताच बसली. तांबडीने वळूनही पाहिलं नाही. रवंथ करत बादलीभर दूध दिलं.

"शहाणी गं बाई तू," आई म्हणाली. "मला नाही जमायचं."

मग ती स्वेटर घेऊन धुण्याच्या दगडावर गेली. जाऊ तिथेच होती. निळी लोकर दिसताच तिने हात मागे घेतले.

"मी नाही त्याला हात लावायची."

आईने एकटीनेच स्वेटर धुतला. "धर गं," ती म्हणाली. "एकटीने पिळला जात नाही."

जावेने एक टोक धरलं. दोघींनी दोन बाजूंनी पीळ घातला. पाणी निथळायचं थांबलं, तरी दोघी पिळतच राहिल्या.