दारातला विसावा

मिरवणुकीत चर्चमधल्या मातेची मूर्ती ज्याच्या दारात थांबून वाकेल, गाव त्याचं. कालाब्रियातल्या त्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल. वीस वर्षं मूर्ती डॉन गायेतानोच्या दारात वाकत होती. मग तो तुरुंगात गेला, सरकारनं त्याचं घर जप्त करून सावेरियाच्या सहकारी संस्थेला दिलं. आता तिथं सात बायका मिरच्या-टोमॅटोच्या बरण्या भरतात. पण यंदाही मूर्ती वाकली, तर सोमवारी त्यांतली एकही कामावर दिसणार नव्हती. घरचे पाठवणारच नव्हते.

“यंदा थांबायचं नाही,” असा फादरनी शब्द दिला होता. फादरचा शब्द म्हणजे अळवावरचं पाणी.

मिरवणूक आली. पुढे घंटा घेऊन सावेरियाचा धाकटा भाऊ कोझिमो. ती वाजली की खांदेकऱ्यांनी थांबायचं. मेल्यानं नेमकी दारासमोर वाजवली. मूर्ती थांबली, दाराकडे वाकली. समोरच्या सज्जात गायेतानोच्या म्हाताऱ्या आईनं छातीवर क्रूस काढला. फादर स्वतःचे बूट न्याहाळत राहिले.

सावेरियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रस्त्यात उतरली.

“कोणासाठी वाकवलीस रे?”

“कोणासाठी कशाला, ताई? पोरांचे खांदे दुखले.”

वीस वर्षं हेच उत्तर. पोलिसांनाही हेच.

“बरे याच दारात दुखतात! मग बसा की. पाणी प्या. बायांनो, खुर्च्या आणा गं!”

बायका उंबऱ्यात थिजल्या होत्या. मूर्तीखाली त्यांचेच नवरे होते, त्यांचेच मुलगे. शेवटी त्यांतली पीना आत गेली, खुर्ची घेऊन आली आणि नवऱ्यासमोर आपटली.

“बस. दुखतोय ना खांदा?”

नवऱ्यानं सज्जाकडे पाहिलं. बसावं तर घर या बायकांचं ठरत होतं, न बसावं तर खांद्याचं दुखणं खोटं.

“पीना, लोक बघतायत.”

“बघू देत की! मीही बघतेय, किती दुखतंय ते.”

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. कोझिमोनं घाईघाईनं घंटा बडवली, मूर्ती उचलली गेली.

“झाले वाटतं बरे!” सावेरिया ओरडली. रागानं तिचा आवाज फाटला होता. एकाही पुरुषाची बसायची छाती झाली नाही.

पीना भर रस्त्यात त्या खुर्चीवर स्वतःच बसली. सज्जातल्या म्हातारीवरची नजर न काढता तिनं मोठ्यानं विचारलं,

“सावेरिया, सोमवारी किती वाजता यायचं?”