भिंतीपलीकडचा सर्व्हर

गिरधरची बायको इंदिरा गेली त्या दुपारी त्याच्या थोरल्या बहिणीने, कमलबाईने, घरातल्या टीव्हीवर चादर टाकली. सुतकाच्या घरात टीव्ही उघडा ठेवत नाहीत. मग ती पुढच्या खोलीत गेली आणि तिथे टेबलाखाली असलेल्या मोठ्या पेटीवर तिने जाड गोधडी पांघरली. पेटी चालू होती. रडारडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मे महिन्यातलं फैजपूर, वर पत्र्याचं छत. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी पेटी चालू ठेवायची, ती सोयही गिरधरनेच करून दिलेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा त्याने गोधडी उचलली. पेटीला हात लावून त्याने तो झटकन मागे घेतला. आतून काहीतरी खरडल्याचा आवाज येत होता.

ती पेटी म्हणजे सर्व्हर. इंदिरा घरात मुलींना कॉम्प्युटर शिकवायची. खोलीत चार मशीनं होती, पण त्यांच्यात साठवायला काहीच नव्हतं. शिकायचं, लिहायचं, ठेवायचं ते सगळं टेबलाखालच्या एका पेटीत. पेटी बसली की चारही पडदे कोरे. दर रविवारी इंदिरा तिचं झाकण उघडून रंगाच्या मऊ ब्रशने धूळ काढायची आणि गिरधर टॉर्चचा उजेड धरायचा. त्याचं गावात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं, पण या कामात तो फक्त उजेड धरायला. "हलवू नका हो," ती म्हणायची.

आता झाकण उघडायचं तर उजेड धरायला कुणी नव्हतं. त्याने टॉर्च दातांत धरली आणि आत बघत बसला. लाळ शर्टावर गळली. कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी इंदिराचा भाऊ रतिलाल जळगावहून आला. तिथे त्याची मोठी इन्स्टिट्यूट होती. त्याने पेटीला कान लावला.

"दाजी, डिस्क गेल्यात जमा आहे. आज बसेल, उद्या बसेल."

"दुसरी टाक."

"या मॉडेलला आता कोण दुसरी टाकतं? बाजारात पेंटियमची नवी मशीनं आलीत. भंगारात द्या, नाहीतर मी नेतो. आणि मुलींना माझ्याकडे पाठवा. ताईच्या मुली म्हणून निम्मी फी लावीन."

"जायगावले? बसनं?"

"बसनं."

"त्यांचे बाप बसनं पाठवत असते तं तुह्या बहिनीनं इथं चार वर्सं घसा कोरडा केला नसता."

अक्का, म्हणजे कमलबाई, दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मशीन जितं राह्यलं असं समज. तरी पोरी कोन पाठवीन? बाई गेली, मी चार दिसाची पाव्हनी. घरात तू एकटा बाप्या. लोकं काय म्हनतीन ते मी तुले सांगायले पाह्यजे का?"

गिरधरने तो विचार केलाच नव्हता. त्याला वाटत होतं, मशीन नीट झालं की मुली येतील. पण संध्याकाळी एका मुलीची आई दारातूनच सांगून गेली, "काकू होत्या तवाची गोष्ट येगळी होती, भाऊ." त्याला तिचा राग आला नाही. ती खरं बोलत होती, याचा राग आला.

आठ मुलींचा कोर्स अर्ध्यावर होता. त्यांच्यातल्या दोघींची लग्नं केवळ त्या कोर्सच्या नावावर पुढे ढकलली गेली होती, हे त्याला इंदिराने सांगितलं होतं. कोर्स बंद झाला की दिवाळीनंतर त्या मांडवात उभ्या राहणार. रात्री जेवताना तो अक्काला म्हणाला, "क्लास बंद नाही होनार."

"कसा चालवशीन?"

"ते माहीत नाही. बंद नाही होनार."

पहाटेच्या बसने तो धुळ्याला गेला. तिथे एक ऑफिस आपली जुनी मशीनं काढून टाकत होतं आणि झुलाल नावाचा माणूस ती विकत होता, हे रतिलालनेच जाता जाता, जरा ओशाळून, सांगितलं होतं. झुलालने एक मशीन लावून, सगळं चालतं हे दाखवलं.

"बठ्ठं चालस, भाऊ. फक्त पंखा जरा बोंबलस."

"बोंबलू दे. घर सुनं हाये."

इंदिराच्या पेटीहून ते एक पिढी पुढचं होतं. येताना त्याने ते एसटीत मांडीवर धरलं. कंडक्टर म्हणाला, सामान वर टाका. गिरधर म्हणाला, तुम्ही मलाच वर टाका.

अक्का ओट्यावर उभीच होती. "वरीस सरेपर्यंत घरात नवी वस्तू आनत नाही, येवढं बी समजत नाही तुले?"

"नवी कुठी, अक्का? धुय्याच्या हापिसात पाच वर्सं घासेल हाये."

"लय तोंडाळ झाला तू."

"घरात कोनी तरी बोलाले पाह्यजे ना."

अक्का आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

राहिला प्रश्न शिकवणाऱ्या बाईचा. इंदिराच्या पहिल्या बॅचमधली पुष्पा दोन वर्षांपूर्वी यावलचं नवऱ्याचं घर सोडून माहेरी परतली होती. गिरधर तिच्या घरी गेला आणि तिच्या आईसमोरच विचारलं, "शिकवशीन का?"

पुष्पा म्हणाली, "लोकं मला बोलतात, काका. आता तुम्हालाही बोलतील."

"मले बोलूच राह्यले. दोघाईचं एका दमात होऊन जाईन."

तिच्या आईला हसू आलं. पुष्पा मात्र हसली नाही. "पण मशीन सांभाळायला तुम्ही घरात असणार. मग कोण पाठवणार?"

गिरधर उठता उठता थांबला. "सर्व्हर त्याच खोलीत पाह्यजे असं हाये का?"

"नाही. वायर पोचली म्हणजे झालं. काकू म्हणायच्या, गल्लीच्या टोकापर्यंत नेली तरी चालेल."

घरी येऊन त्याने पुढच्या खोलीला लागून असलेला, बैल विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा झाडला. आपली खाट तिथे नेली, स्टोव्ह नेला, कपड्यांची ट्रंक नेली. मग पहार घेऊन पुढच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून वायर गोठ्यात ठेवलेल्या नव्या मशीनपर्यंत आणली. अक्का डोक्याला हात लावून बघत होती. "सोताच्या घरातून सोताच निंगाला," ती म्हणाली. शेजारी ऐकत होते. गिरधरने पहार मुद्दाम जोरात मारली.

जुन्या डिस्कमधलं काढून घ्यायचं होतं. ती नव्या मशीनला जोडली, तर फिरेचना. अडकलेल्या मोटारीला देतात तसा त्याने तिला मनगटाने एक हिसका दिला आणि ती फिरली. पुष्पाने घाईघाईने एकेक धडा उतरवून घेतला. सगळं आलं नाही. दोन मुलींची लिहिलेली कामं गेली ती गेलीच. जुनी पेटी रतिलालला न देता त्याने खाटेखाली ठेवली.

पुष्पा आणि तिची आई घरोघर फिरून आल्या. आठांपैकी पाच मुली आल्या. घर मुलींचं, गोठा गिरधरचा. काही अडलं की पुष्पा भोकातून ओरडायची, "काका, तिसऱ्या नंबरचं येत नाही." तो इकडून सांगायचा, वायरचं टोपण हलवून बघा, आणि त्या तिकडे बघायच्या. उंबरा तो ओलांडत नसे.

दुसऱ्या आठवड्यात त्या पाचजणींतल्या मंदाचा बाप उखर्डू आला. केळीचा मोठा बागायतदार, बोलण्याला वजन असलेला माणूस. गोठ्यात डोकावून तो म्हणाला, "गिरधरभाऊ, तुमची सोय पटली आम्हाले. तुम्ही इकडं, पोरी तिकडं. पन ते पुष्पा? नवरा सोडून आलेली बाई. पोरीयले काय शिकवीन ते?"

"कॉम्प्युटर."

"मी काय म्हनतो ते तुम्हाले समजते."

"समजते. तिच्याहून चांगलं शिकवनारी बाई आना, तिलेच बसवतो. नाही तं तुमची पोरगी घेऊन जा. पुष्पाले मी काढनार नाही."

उखर्डूला असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. त्याने अंगणात येऊन हाक मारली, "मंदा, चाल घरी."

आतून आवाज आला, "आली, बाबा. येवढं ठेवू द्या, नाही तं सगळं पुसलं जाईन."

उखर्डू परत गोठ्यात येऊन खाटेवर बसला. समोर सर्व्हरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"हे काय हाये?"

"पोरीचं काम आत येऊ राह्यलं."

"किती येळ लागते?"

"जुनं मशीन हाये. बसा. चहा ठेवतो."

गिरधरने स्टोव्ह पेटवला. दिवा लुकलुकायचा थांबला आणि विझला. मंदाचं काम जागेवर पोचलं होतं. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. थोड्या वेळाने भोकातून कळफलकाच्या कळा वाजल्याचा आवाज पुन्हा यायला लागला.

उखर्डूने बशीत चहा ओतला. "झालं नाही आजून?"

गिरधरने त्या विझलेल्या दिव्याकडे नीट बघितलं.

"कुठी हो," तो म्हणाला. "लय काम हाये तिचं."