गुलमोहर म्हणून दिलेलं झाड

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर आमच्या गावच्या विकास सोसायटीनं घरटी एक गुलमोहराचं रोप वाटलं. चेअरमन सिद्रामप्पा गावातल्या बायांच्या हातात रोपं देत होते. माझी पाळी आली तेव्हा मीही हात पुढं केले, तर उरलंसुरलं मरतुकडं रोप त्यांनी माझ्या पायापाशी टाकलं. बौद्ध वस्तीतल्या बाईला हात लागू नये म्हणून. असा संताप आला! पण उचललं. त्या रोपाचा बिचाऱ्याचा काय दोष?

वस्तीच्या तोंडाशी, सोसायटीच्या पडीक जागेत ते लावलं. दहा-बारा वर्षांत चांगलं वाढलं. वस्तीला सावली म्हणाल तर तेवढीच. पाला गुलमोहरासारखाच बारीक, पण फूल काही येईना. गावातली झाडं दर वैशाखात लालभडक व्हायची, आणि बाया मला विचारायच्या, "सुमनबाई, तुझं झाड रुसलंय व्हय?"

शहाऐंशीला पुन्हा दुष्काळ. सोसायटीनं जनावरांची छावणी घातली. माघात सिद्रामप्पा कुऱ्हाडवाले गडी घेऊन आले.

"वाळलंय. मांडवाला मेढी होतील."

मी नखानं साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं. "जित्तं हाय, आप्पा."

"जित्तं आसंल, पर वांझ हाय. तुमच्या जयंतीपतुर फुललं तर ऱ्हाऊ दे. न्हायतर तोडणार."

गडी हसले. चौदा एप्रिलच्या भीमजयंतीआधी गुलमोहर फुलत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. माझा नवरा श्रीपती मला मागं ओढत होता.

"फुलंल," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, मलाच ठाऊक नाही.

टँकरचं पाणी मोजकं. मी परातीत बसून अंघोळ करायची आणि तेच पाणी झाडाला घालायची. श्रीपती आधी कुरकुरला, मग गुमान स्वतःही परातीत बसू लागला.

फाल्गुनात एका सकाळी उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस दिसले. लाल नव्हेत, निळे! मी तिथंच मातीत बसले आणि रडले.

"आपल्या झेंड्याचा रंग की गं!" श्रीपती ओरडला. सगळी वस्ती गोळा झाली.

सिद्रामप्पा गडी घेऊन तावातावानं आले. "ह्यो नीलमोहर हाय! म्या सोलापुरात बघितलाय. बोली गुलमोहराची हुती."

"बोली ह्या झाडाची हुती. आन् गुलमोहर म्हणून तुमीच टाकलं हुतं, आप्पा, माझ्या पायापाशी."

ते वळले. गड्यांना घेऊन परत गेले.

पुढल्या उन्हाळ्यात आप्पा एकटेच दारात आले. सोसायटीच्या फाटकापाशी लावायला बी हवं होतं. मी वाळक्या शेंगा घेऊन बाहेर आले.

"ठिव तिथं वट्यावर," ते म्हणाले.

"हात करा, आप्पा."

ते थांबले. मीही थांबले, मला कसली घाई नव्हती. शेवटी त्यांचा हात पुढं आला. मी शेंगा त्यांच्या तळहातावर ठेवल्या, माझी बोटं नीट टेकवून.