गिरमिटावरचे फोड

काळी

खंडेनवमीला अवजारं ओसरीत मांडली होती. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, आणि मधोमध, मानाच्या जागी, ट्रॅक्टरमागे जोडून खड्डे पाडायचं गिरमिट. ते चकाकत होतं. गीतांजलीच्या हातातलं फुलांचं ताट होतं तिथंच थांबलं.

काल संध्याकाळपर्यंत ते चकाकत नव्हतं. कालपर्यंत त्याच्या पात्याच्या कडेवर वेल्डिंगचे फोड होते, काळपट, खडबडीत, एकाला लागून एक. ते चढवून घ्यायला ती छोट्या हत्तीत, म्हणजे घरच्या टेम्पोत, गिरमिट घालून वरूडहून थेट अमरावतीला जाऊन आली होती, कारण त्या कडक रॉडचं वेल्डिंग जवळपास कोणी करून देईना.

"मामाजी, याचे फोड कुठं गेले?"

सासरे ओमप्रकाशराव उदबत्ती पेटवत होते. "घासले. ग्राइंडर मारला."

"कावून?"

"कावून म्हंजे? देवापुढं गोवर आल्यासारखं लोखंड ठेवाचं का? फसवलं तुले त्या वेल्डिंगवाल्यानं. घासूनबी नाई देल्लं."

"ते तसंच ठेवाचं असते! परवा जेवताना सांगितलं ना तुमाले? फोडांच्या मधात माती अडकते. मंग मातीवर माती घासते अन् लोखंड वाचते. तुमी मान हालवली होती!"

"भाजी चांगली झाली होती, म्हनून हालवली."

तिनं ताट खाली ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. तेवढा सण तिनं पाळला.

"आता पाय, कसं आरशासारखं दिसून राहिलं," सासरे म्हणाले. "लाव कुंकू. पूजलेल्या वस्तूले मंग ग्राइंडर लावाचा नसते, म्हनून आधीच घासलं."

तिनं लावलं. गुळगुळीत लोखंडावर ते टिकेना, घरंगळून जमिनीवर सांडलं.

मुरूम

बागेची नाल्याकडची बाजू उघडी होती. आंबिया बहाराची संत्री रंगावर आलेली, आणि त्याच बाजूनं रोही, म्हणजे नीलगायी, आत शिरायचे. फळं खायचे ते खायचे, वर शिंगं घासून झाडं मोडायचे. तारेचं कुंपण घालायचं होतं. खांब येऊन पडले होते. मागच्या साली याच नाल्याकाठी गिरमिटाचं पातं झिजून पत्र्याएवढं पातळ झालं होतं, म्हणून तर फोड. वेल्डिंगवाला दसऱ्याला गावी गेलेला. फोन उचलत नव्हता.

नवरा फोन उचलत होता, तेच जास्त वाईट. शेखर अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा.

"अगं, थोडं झिजेल. चालवून घे."

"अहो, तुमी पोराइले घर्षण शिकवता ना?"

"हो. का?"

"तुमच्या बाबाइलेबी एक बॅच लावा."

"जाऊ दे ना गीता, सणासुदीचं."

जाऊ दे. या घरात सगळं जाऊ द्यायचं असतं, फक्त खडबडीत काही राहू द्यायचं नसतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ट्रॅक्टर काढला. काळ्या मातीत गिरमिट लोण्यात गेल्यासारखं उतरलं. सासरे बांधावरून ओरडले, "पायलं का? उगाच बोंबलत होती!"

मग मुरूम लागला. खर्र. उतरलं, पण कुरकुरत. पुढच्या खड्ड्याला जास्त वेळ. त्याच्या पुढच्याला त्याहून जास्त. आरसा गेला, कड पातळ झाली.

सासरे बांधावरून उतरून जवळ आले.

गोटे

नाल्याच्या काठाला.

गोटे.

गिरमिट फिरतं. फिरतं. खाली जात नाही.

वर घेतलं. टोक बोथट. कड गेली.

खांब उरले, खड्डे नाहीत. मधे खिंडार. बैलगाडी जाईल एवढं.

"आता?" सासरे.

ती घरी गेली, पितळी परात आणि पळी घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिली.

"हे कावून?"

"खिंडारात बसा. रोही आले की वाजवा."

पुन्हा गोटे

पहाटे परात वाजली तेव्हा उशीर झाला होता. नाल्याकडचं एक झाड मधोमध चिरलं होतं, रंगावर आलेली संत्री चिखलात तुडवलेली. त्या झाडाचं कलम ओमप्रकाशरावांनी स्वतः बांधलं होतं. ते खोडाला हात लावून उभे राहिले. गीतांजलीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ते तिनं गिळलं, आणि त्याचाही तिला राग आला.

वेल्डिंगवाल्यानं दुकान उघडलं त्या सकाळी ती निघाली, तर सासरे आधीच छोट्या हत्तीत जाऊन बसलेले. स्वच्छ टोपी घालून.

"तुमी कावून?"

"पायतो ना, कसं करते तो."

पाहिलं. वेल्डिंगवाल्यानं कडेवर एकेक फोड बसवला, टोकावर जाड थर दिला. ठिणग्या थांबल्या तसे सासरे पुढे वाकले. "काम मजबूत हाय गा. फक्त वरून जरासा हात मार ना ग्राइंडरचा. नुसता जरासा."

वेल्डिंगवाल्यानं गीतांजलीकडं पाहिलं. गीतांजलीनं छताकडं पाहिलं. मग ती दुकानातल्या देवाच्या फोटोपाशी गेली, करंडा आणि तिथलंच एक झेंडूचं फूल घेऊन आली. लोखंड निवेपर्यंत थांबली. आणि हळद-कुंकू बोटानं त्या फोडांवर दाबून लावलं. खाचाखाचांत बसलं. एक कण सांडला नाही.

"हे काय वं?"

"पूजा झाली. आता पुढच्या खंडेनवमीपर्यंत याले कोनी ग्राइंडर लावाचा नाई. पूजलेली वस्तू हाय."

ओमप्रकाशरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. नियम त्यांचाच होता. शेवटी वेल्डिंगवालाच म्हणाला, "काका, गाडीत बसा."

दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी गिरमिट गोट्यांवर टेकलं. कडकड, थरथर, एक ठिणगी. मग खाली. गोटे वर येऊन बाजूला पडत गेले. खांब उभे राहिले, तार ओढली गेली, खिंडार मिटलं.

तिनं ट्रॅक्टर बंद केला. मागं वळून पाहते तर सासरे गिरमिटाशी उकिडवे बसलेले, हातात फडकं.

"मामाजी!"

"घासत नाई वं, पुसून राहिलो फक्त. चिखल हाय."

त्यांनी फडकं ओढलं. ते फोडांत अडकलं आणि टर्रकन फाटलं. त्यांनी हातात उरलेली चिंधी पाहिली, गिरमिट पाहिलं, मग नव्या तारेपलीकडचा नाला पाहिला.

"भद्दंच दिसते पण," ते म्हणाले.