गठ्ठ्यांवरचं घर

यास्नाचं मांजर बिछाना सोडून न्हाणीघराजवळच्या फरशीवर झोपायला लागलं, तेव्हा ती हसली होती.

"ताई, फुकटची शेगडी मिळालीय. तुझ्या शास्त्रात बसतं का बघ."

मी फरशीवर तळहात टेकला. ऊब खालून, जमिनीतून येत होती.

चिलीतल्या आल्तो ओस्पिसियो या आमच्या गावाच्या या टोकाला, वाळवंटाच्या उतारावर घरं बांधताना सगळ्यांनी एकच युक्ती केली होती. बाजारात न खपलेल्या कपड्यांचे गठ्ठे खड्ड्यात टाकायचे, वर वाळू पसरायची, त्यावर फरशी. मुरूम विकत घ्यावा लागतो. नको झालेले कपडे मात्र जगभरातून इथे येतच असतात. मध्यंतरी उतारावर फेकलेल्या कपड्यांच्या डोंगराला आग लागली, तेव्हाही लोकांनी तिच्यावर वाळूच लोटली. धूर थांबला, म्हणजे आग विझली असं सगळ्यांनी धरलं. पण कपड्यांच्या घड्यांत हवा अडकलेली असते. आग वर न दिसता आतल्या आत धुमसत पुढे सरकते. हे मी शाळेत शिकवते.

मी यास्नाला आहे तशी बाहेर चल म्हणाले. ती आली, मांजर माझ्या हातात दिलं आणि परत आत गेली. शनिवारच्या बाजारासाठी आणलेला पहिल्या प्रतीचा गठ्ठा आत होता. सगळे कोट कोरे, किमतीच्या चिठ्ठ्याही तशाच लटकलेल्या. तो ती सोडणार नव्हती.

ओढताना गठ्ठा दारात तिरका अडकला. ती त्याच्यामागे. खिडकीला गज. आतून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला.

"गठ्ठ्याची पट्टी कापू नकोस," मी म्हणाले.

पण तिचा हात सवयीनं सुरीकडे गेला होता. बाजारात गठ्ठा अडला की आधी पट्टी कापतात. पट्टी सुटली, दाबून बांधलेले कोट फुगले आणि दार वरपर्यंत गच्च भरलं.

"ताई, पायाखालचं खचतंय." आवाज फार बारीक होता.

मांजर केव्हाच हातातून निसटलं होतं. मी कोट उपसत गेले. लाल, काळे, पुन्हा लाल. बाह्या एकमेकींत गुंतलेल्या. मग एक बाही ओढली आणि तिच्यात हात होता.

यास्ना माझ्या अंगावर पडली. तिच्या चपलांचे तळ वितळले होते. मागे फरशी आवाज न करता खाली गेली, आणि खाली लाल होतं.

मी तिला ओढत शेजारच्या घरापर्यंत नेलं. तिथल्या उंबऱ्याला हात लावला. तो सावलीत होता, तरी गरम. आत रेडिओ चालू होता, कुणीतरी भांडी घासत होतं.

मी दार वाजवू लागले.